फोर्ट-काळा घोडा परिसरातल्या कलाकृती नकाशावर: पुतळा, स्मारक की म्युरल?

चौथरा_शोधक:
ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या ऑनलाइन नकाशावर) मुंबईतल्या फोर्ट ते काळा घोडा या पट्ट्यातल्या उघड्यावरच्या कलाकृती नीट भरायच्या आहेत. सध्या बऱ्याच बिंदूंवर नुसतं टूरिझम=आर्टवर्क आहे, आर्टवर्क_टाइप (कलाकृतीचा प्रकार) रिकामं. (टॅग, म्हणजे वस्तूचं वर्णन करणाऱ्या ‘गुण=मूल्य’ अशा जोड्या, इथे देवनागरीत लिहितोय. प्रत्यक्षात ते रोमन छोट्या अक्षरांत आणि दोन शब्दांमध्ये खालची रेघ देऊन भरायचे.)
अडतंय ते असं: स्वाराविना उभा असलेला काळा घोडा पुतळा की शिल्प? फ्लोरा फाउंटन आणि शेजारचं हुतात्मा स्मारक एकाच बिंदूवर घ्यायचं का? दादाभाई नौरोजींचा पुतळा ‘आर्टवर्क’ की ‘मेमोरियल’? आणि पुलाखालच्या भिंतींवरचे सिमेंटचे उठाव, ज्यांना सगळेच म्युरल म्हणतात, ते कुठे टाकायचे?

दगड_धातू:
आधी स्वतःला दोन वेगळे प्रश्न विचारायचे. वस्तू कशी घडवली आहे? आणि ती कुणासाठी उभी आहे? पहिल्याचं उत्तर आर्टवर्क_टाइपमध्ये जातं, दुसऱ्याचं हिस्टॉरिक=मेमोरियलमध्ये. दोन्ही एकाच बिंदूवर नांदतात, एक निवडून दुसरं टाकून द्यायची गरज नाही.

दादाभाईंचा पुतळा: टूरिझम=आर्टवर्क, आर्टवर्क_टाइप=स्टॅच्यू, शिवाय हिस्टॉरिक=मेमोरियल आणि मेमोरियल=स्टॅच्यू. डोकं-खांद्यांपर्यंतच असेल तर दोन्हीकडे बस्ट. कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे आहेत ते अर्धपुतळे, म्हणजे बस्ट. ते ९ डिसेंबर १९५० रोजी बसवले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. तरीही मेमोरियल चालतं, कारण या टॅगला व्यक्ती मरण पावलेली असण्याची अट नाही, गौरवार्थ उभारणी पुरते.

काळा घोडा: २०१७ मध्ये बसवलेला घोडा कुणा व्यक्तीच्या सन्मानार्थ नाही, म्हणून मेमोरियल नको. स्टॅच्यू म्हणजे माणसाची किंवा प्राण्याची ओळखू येणारी पूर्णाकृती, त्यामुळे आर्टवर्क_टाइप=स्टॅच्यू. ज्यावरून चौकाला नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला आणि आता भायखळ्याला जिजामाता उद्यानाच्या आवारात आहे. तो स्वतंत्र बिंदू. त्याचा विकिडेटा क्रमांक (विकिडेटा या माहितीसाठ्यातल्या नोंदीचा क्रमांक) नव्या घोड्याला चिकटवायचा नाही. नावं जवळपास सारखी असल्यामुळे ही चूक फार सहज होते.

स्कल्प्चर हा मोठा पिंप आहे, अमूर्त रचना आणि नीट ओळखू न येणारे आकार त्यात. स्टॅच्यू म्हणता येत असेल तिथे स्कल्प्चर लिहू नका.

फ्लोरा फाउंटन (१८६४) आणि हुतात्मा स्मारक हे दोन बिंदू. पहिल्याला अमेनिटी=फाउंटन आणि टूरिझम=आर्टवर्क. दुसऱ्याला, म्हणजे मशाल हाती घेतलेल्या जोडीला, मेमोरियल=स्टॅच्यू. हुतात्मा चौक हे नाव चौकाचं, ते प्लेस=स्क्वेअरवर. तेच नाव पुतळ्यावर लिहिलं की शोधताना एकाच नावाचे दोन निकाल येतात.

भिंतीवरचा_रंग:
म्युरलचा घोळ भाषेतून आलाय. आपल्याकडे सिमेंटच्या किंवा फायबरच्या उठावदार पट्ट्यांना निविदेपासून बातमीपर्यंत म्युरलच म्हणतात. नकाशात मात्र आर्टवर्क_टाइप=म्युरल म्हणजे थेट भिंतीवर रंगवलेलं चित्र. उठाव असेल तर रिलीफ, फरशीचे किंवा काचेचे तुकडे जोडून केलं असेल तर मोझेक. ओळखायला सोपी खूण: बाजूने, भिंतीला गाल लावून बघा. आकृतीच्या कडेला सावली पडत असेल तर रिलीफ. फक्त रंगाचा थर दिसला तर म्युरल. फलकावर ‘म्युरल’ असं छापलेलं असलं तरी ते डिस्क्रिप्शनमध्ये लिहा, प्रकारात नको.

परवानगी न घेता मारलेले स्प्रे, नावं, सह्या: ग्राफिटी. आठ-पंधरा दिवसांत पुसलं जाणार हे दिसत असेल तर नोंदच करू नका. गणेशोत्सवातली मंडपाची मूर्ती, रस्त्यावरची रांगोळी यांचंही तसंच. आणि जिथे रोज पूजा होते ती मूर्ती कलाकृती नव्हे, ते अमेनिटी=प्लेस_ऑफ_वर्शिप.

आता आकार. अख्ख्या इमारतीच्या बाह्यरेषेवर टूरिझम=आर्टवर्क लावलं की डेटामध्ये अख्खी इमारतच कलाकृती ठरते. चित्र पाच-सात मीटरचं असेल तर इमारतीच्या त्या बाजूच्या रेघेवर एक बिंदू पुरतो. लांब भिंत असेल तर चित्र जिथून सुरू होतं तिथून संपतं तिथपर्यंत वेगळी रेघ काढा, भिंतीचेच बिंदू वापरून. भिंतीच्या मूळ रेघेवर चित्राचं नाव लिहू नका, नाहीतर कुंपणालाच ते नाव चिकटतं. चित्र कोणत्या दिशेला बघतं ते डायरेक्शनमध्ये अंशांत: पूर्वेकडे तोंड म्हणजे ९०, पश्चिमेकडे २७०.

चौथरा_शोधक:
रिलीफचं समजलं. चौकाच्या मधल्या पुतळ्याचा बिंदू मात्र ब्राउझरमधल्या आयडी संपादकात सारखा रस्त्याच्या रेघेला जाऊन चिकटतो. आणि साहित्य, उंची, तारीख कुठवर खरी मानायची?

दगड_धातू:
बिंदू ठेवताना किंवा ओढताना ऑल्ट की दाबून धरा, मग चिकटत नाही. चिकटलेला राहिला तर पुतळा रस्त्याचाच भाग होतो आणि पुढे कुणी रस्ता सरकवला की पुतळाही सरकतो. उपग्रहचित्रात पुतळ्याचा माथा कललेला दिसतो, म्हणून बिंदू माथ्यावर न ठेवता चौथऱ्याच्या तळाच्या मध्यावर ठेवा. उंच इमारतींच्या मध्ये फोनचं जीपीएस कित्येक मीटर इकडेतिकडे जातं, तिथे चित्रावर जास्त भरवसा.

साहित्य: ब्राँझचा रंग दिलेले फायबरचे पुतळे पुष्कळ आहेत. चौथऱ्याजवळची कडा बघा. टवका उडालेल्या जागी पांढरे धागे दिसले तर फायबर, हिरवट गंज दिसला तर ब्राँझ. खात्री नसेल आणि धातू आहे एवढंच कळत असेल तर मटेरियल=मेटल. बातमीतलं ‘पंचधातू’ तसंच उचलू नका.

उंची: एकक न लिहिता आकडा टाकला की तो मीटर धरला जातो. ‘१८ फुटी पुतळा’ वाचून नुसता १८ भरला तर पुतळा सहा मजली होतो. ०.३०४८ ने गुणा, १८ फूट म्हणजे ५.५ मीटर. बातमीतला आकडा बहुधा चौथरा सोडून असतो, नकाशातला हाइट जमिनीपासून धरायचा.

तारीख: एकाच चौथऱ्यावर पायाभरणीची कोनशिला आणि अनावरणाचा फलक असे दोन दगड असू शकतात. स्टार्ट_डेटला अनावरणाची तारीख. जुन्या दगडावर शके असेल तर गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ७८ मिळवायचे, १ जानेवारीपासून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत ७९. महिना दिलेला नसेल तर शके १८५० हे १९२८ ते १९२९ अशी मर्यादा म्हणून भरता येतं. शिल्पकाराचं नाव आर्टिस्ट_नेममध्ये, अनावरण करणाऱ्या पाहुण्यांचं नव्हे. फलकावर पाहुणे मोठ्या अक्षरांत आणि शिल्पकार खाली कोपऱ्यात असतो. पुतळ्याच्या पायाजवळ, चौथऱ्याच्या मागच्या बाजूला कोरलेली सही शोधा. ज्याने घडवलं त्याचं नाव नकाशावर यावं, हे या सगळ्या भरणीतलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

पाटी_वाचक:
फोटोबद्दल. नकाशाला जोडायला विकिमीडिया कॉमन्सवर (मुक्त परवान्याच्या फोटोंच्या साठ्यावर) चढवणार असाल तर भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ५२(१)(टी) पाहा. सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचं छायाचित्र प्रसिद्ध करायला मुभा आहे. रंगवलेलं चित्र त्या मुभेत येत नाही. म्हणून पुतळे, उठाव यांचे फोटो टिकतात, अलीकडच्या भित्तिचित्रांचे काढून टाकले जातात. म्हणजे तुमचा रिलीफ की म्युरल हा प्रश्न इथेही लागू पडतो. भित्तिचित्राचा फोटो नसला तरी चालेल, शेजारच्या पाटीवरचा मजकूर इन्स्क्रिप्शनमध्ये मराठीत जसाच्या तसा टंका, ओळ बदलते तिथे तिरकी रेघ द्या.

चित्रावर नवा रंग मारला गेला तर बिंदू लगेच पुसू नका. टूरिझमच्या आधी रिमूव्ह्ड आणि अपूर्णविराम (:) लावा, चेक_डेटमध्ये पाहणीची तारीख टाका. नाहीतर कुणीतरी जुना फोटो बघून तेच चित्र परत भरतं.