मदत हवी आहे : मोठा फ्रीज आलाय, माठाची जागा न हलवता स्वयंपाकघर कसं लावू?

नमस्कार मंडळी,

आम्ही भुसावळला राहतो. वीस वर्षांपूर्वीचं रो हाऊस आहे. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं अशी घरात सहा माणसं. पंधरा दिवसांपूर्वी नवा डबल डोअर फ्रीज घेतला आणि तेव्हापासून तो हॉलमध्ये, सासऱ्यांच्या पलंगाशेजारी उभा आहे. रात्री कॉम्प्रेसर सुरू झाला की त्यांची झोप मोडते. स्वयंपाकघरात तो बसत नाहीये आणि कुठे बसवावा यावर घरात एकमत होत नाहीये. तुमच्यापैकी कोणी जुन्या स्वयंपाकघरात असा बदल केला असेल तर कृपया नीट वाचून सुचवा. माहिती लांबलचक आहे, पण मापं दिल्याशिवाय कोणाला काही सांगता येणार नाही.

जुना फ्रीज १९० लिटरचा, एका दाराचा. त्यात सासऱ्यांचं इन्सुलिन, दूध, मुलांच्या डब्याची तयारी आणि आठवड्याची भाजी कोंबून कोंबून भरायचो. मागच्या उन्हाळ्यात दोनदा दूध नासलं, तेव्हा ठरवलं की पुढच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत मोठा घ्यायचा. आखाजीला माझ्या दोन्ही नणंदा मुलाबाळांसकट येतात, आमरसाची पातेली ठेवायला जागा नसते.

दुकानात मला फक्त रुंदी विचारली. मी साडेचोवीस इंच सांगितली, ते म्हणाले आरामात बसेल. उंचीचा विषय निघालाच नाही आणि मलाही सुचलं नाही. नवा फ्रीज ६० सेंटिमीटर रुंद, १७० सेंटिमीटर उंच आणि ६८ सेंटिमीटर खोल आहे. इंचात म्हणजे साधारण २४ रुंद, ६७ उंच, २७ खोल. जुन्या जागेवर माळ्याची कडप्प्याची फळी आहे, ती जमिनीपासून ६४ इंचांवर.

आता स्वयंपाकघर. लांबी पूर्व-पश्चिम ११ फूट, रुंदी ८ फूट.

पूर्वेच्या भिंतीला ओटा आहे, भिंतभर. वर खिडकी. गॅसची शेगडी ओट्याच्या दक्षिण टोकाकडे. ओटा उत्तरेच्या भिंतीला वळून आणखी चार फूट गेलाय, त्यात सिंक. सिंकच्या पुढे अडीच फुटांचा माठाचा कट्टा. त्याच्यापुढे, वायव्य कोपऱ्यात, पत्र्याच्या दोन कोठ्या. एक कोपऱ्यात आणि दुसरी तिच्या अलीकडे पश्चिमेच्या भिंतीला. एकीत गहू, एकीत ज्वारी. दोन्ही अठरा-अठरा इंच व्यासाच्या.

पश्चिमेची भिंत बाहेरची आहे. चैत्र-वैशाखात दुपारी चार वाजता त्या भिंतीला आतून हात लावला तर तव्यासारखी लागते. कोठ्या सोडून तिथं पावणेपाच फूट जागा मोकळी आहे. ती सासूबाईंची बसायची जागा. दक्षिणेच्या भिंतीला ओट्याचं टोक, मग जुन्या फ्रीजचा कोनाडा, मग आरसीसीचा कॉलम, मग स्टीलची मांडणी आणि शेवटी हॉलमध्ये जाणारं दार.

आम्ही विचार केलेले पर्याय असे.

जुन्याच कोनाड्यात बसवायचा तर माळ्याची फळी कापावी लागेल. शिवाय रुंदीत जेमतेम अर्धा इंच उरतो, हवा खेळायला जागाच नाही. एका बाजूला कॉलम, दुसऱ्या बाजूला हातभर अंतरावर शेगडी. शेवभाजीची तर्री उकळते तेव्हा त्या बाजूचा ओटा किती तापतो हे रोज बघते, त्यामुळे मन घेत नाही. गवंडी म्हणाला, ओट्याचा सहा इंच तुकडा कापू. मग शेगडी सरकवायची, गॅसची नळी बदलायची, टाइल्स फुटणार. एवढी तोडफोड आखाजीच्या तोंडावर नको वाटते.

दुसरा पर्याय सासूबाईंच्या जागेचा. त्या स्वतःच म्हणाल्या, "ठेव माझ्या जागी, मी बसेन कुठंबी." पण त्यांचं अर्धं आयुष्य त्या पाटावर गेलंय. भाजी निवडणं, हिरव्या वांग्याचं भरीत बडग्यानं ठेचणं, पापडाच्या पिठाचे गोळे करणं, सगळं तिथं. कानबाईच्या रोटांच्या वेळी आणि मांडे करताना खापर मागच्या अंगणात असलं तरी पुरणाची परात आणि पाच-सहा बाया इथंच बसतात. ती जागा घेतली तर स्वयंपाकघरात फक्त उभं राहून काम करणाऱ्या माणसाला जागा उरते. मला ते नको आहे.

तिसरा पर्याय माझ्या नवऱ्याचा : माठाचा कट्टा फोडायचा आणि तिथं फ्रीज ठेवायचा. रुंदी तीस इंच, वर माळा नाही, उत्तरेची गार भिंत. कागदावर हीच जागा सगळ्यात चांगली. पण गार भिंत आहे म्हणूनच तर माठ तिथं आहे. सासरे फ्रीजचं पाणी पीत नाहीत, उन्हातून आल्यावर आम्हीही माठाचंच पितो. आणि आखाजीची पितरांची घागर आमच्याकडे याच कट्ट्यावर भरून पुजतात. सासूबाई या पर्यायावर काहीच बोलल्या नाहीत, उठून मागच्या अंगणात गेल्या. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ मला कळतो.

फ्रीज हॉलमध्येच राहू द्यावा असंही काहींनी सुचवलं. पण हॉलमध्ये तो कोपऱ्यात आहे आणि दार पूर्ण उघडत नाही. भाजीचा ट्रे अर्धा बाहेर येतो आणि दाराच्या रबराला अडतो. मेथीची जुडी वाकवून बाहेर काढावी लागते, पानं ट्रेमध्येच गळतात. दिवसातून वीस-पंचवीस खेपा होतात त्या वेगळ्याच.

तर प्रश्न असे : माठ आणि सासूबाईंची जागा दोन्ही राखून काही मार्ग निघतो का? पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीजवळ फ्रीज ठेवला तर नेमकं काय बिघडतं? आणि चारही बाजूंनी किती जागा सोडायची?

प्रतिसाद, धुळ्याहून

ताई, तोडफोडीचा निर्णय घेण्याआधी एक करा. फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा अजून असेल तर तो २४ बाय २७ इंच कापून जमिनीवर ठेवा. नसेल तर खडूने चौकोन आखा. मग दाराची कमान आखा, म्हणजे बिजागरीच्या कोपऱ्यापासून दाराच्या रुंदीएवढा अर्धगोल. दोन दिवस त्या चौकोनावर पाय न देता स्वयंपाक करा. कुठे अडतंय ते आपोआप कळतं. आम्ही असंच केलं आणि ठरवलेली जागा बदलली.

फ्रीज, सिंक आणि शेगडी यांच्यात प्रत्येकी चार ते नऊ फूट अंतर असावं असा जुना ठोकताळा आहे. तुमच्या ११ बाय ८ च्या खोलीत बहुतेक सगळ्या जागा त्यात बसतात, त्यामुळे अंतराची फार काळजी करू नका. दाराची करा. काळजी करू नका, बठं चांगलं हुई जाई.

प्रतिसाद, जळगावहून

मी पंचवीस वर्षं फ्रीज-एसी दुरुस्तीचं काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फ्रीज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता बाहेर फेकतो. ती फेकायला बाहेरची हवा त्यामानाने गार हवी. पूर्वी मागे काळी जाळी दिसायची, आता बऱ्याच मॉडेलमध्ये ती नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आत असते. म्हणून नव्या फ्रीजच्या बाजू हाताला गरम लागतात. तापलेल्या भिंतीला चिकटवला तर कॉम्प्रेसर थांबतच नाही, बिल वाढतं आणि आयुष्य कमी होतं. फ्रीजच्या आतल्या किंवा मागच्या स्टिकरवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. एन म्हणजे ३२ अंशांपर्यंत, एसटी म्हणजे ३८ आणि टी म्हणजे ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी. भुसावळला मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे टी क्लास असला तरी खोलीतली गार जागाच शोधा.

मागे तीन इंच, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच आणि वर निदान चार इंच मोकळे ठेवा. पुस्तिकेत जास्त लिहिलं असेल तर ते पाळा. कोनाड्यात अर्ध्या इंचाच्या फटीत ठेवणं साफ चूक. आजकाल बहुतेक फ्रीजमध्ये आर-६००ए वायू असतो. प्रमाण थोडं असतं, पण तो ज्वलनशील आहे, त्यामुळे शेगडीला खेटून, कोंडलेल्या जागेत नकोच. कॉलमला कोणाला छिन्नी लावू देऊ नका. एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रीज चालवू नका, स्वतंत्र पॉइंट आणि चांगलं अर्थिंग घ्या.

इन्सुलिनबद्दल : न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. ते दारात ठेवू नका, तिथं तापमान सारखं खालीवर होतं. मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकवता ठेवा. गोठलं तर ते वापरायचं नाही.

प्रतिसाद, चोपड्याहून

बाई, मी तुमच्या सासूबाईंच्या वयाची. तुमचं सगळं वाचलं. माठ हलवायचा की बैठक, यावर तुम्ही एवढं लिहिलंय, पण कोठ्यांबद्दल एक ओळ. कोठ्या का नाही हलवत? माठाला गार भिंत लागते, माणसाला बसायला भुई लागते, धान्याला काय लागतं? कोरडी जागा. तुमचा तो शेगडीजवळचा कोनाडा धान्याला उत्तम. एक कोठी तिथं जाते. दुसरी जिन्याखाली ठेवा, खाली दोन विटा आणि फळी टाकून, म्हणजे ओल चढणार नाही.

आणि आत्ताच करा. नवा गहू भरायच्या आधी कोठ्या तळाला गेलेल्या असतात. एकदा का क्विंटल क्विंटल भरलं की मग पुढच्या वर्षापर्यंत कोणी हात लावत नाही. रिकाम्या झाल्या की आतून पुसून दोन दिवस कडक उन्हात वाळवा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला आणि मगच भरा.

पुन्हा मी, मूळ प्रश्न विचारणारी

चोपड्याच्या मावशी, तुम्हाला इथूनच नमस्कार. वीस वर्षं त्या कोठ्या तिथं आहेत, त्यामुळे त्या मला भिंतीसारख्याच वाटत होत्या. तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या लगेच उठल्या आणि गव्हाच्या कोठीचं झाकण उघडून आत हात घातला. म्हणाल्या, "दोन पायली बी नसतील. काढ."

काल रविवारी सगळं हलवलं. ज्वारीची कोठी कोनाड्यात गेली, वर जागा उरली म्हणून तिच्यावर फळी टाकून मसाल्याचे आणि पापड-बिबड्यांचे डबे ठेवले. गव्हाची कोठी धुऊन गच्चीवर उन्हात आहे. धुळ्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे आधी खडूने आखून बघितलं, मग फ्रीज आणला.

आता मापं लिहिते, कोणाला उपयोगी पडतील. माठाच्या कट्ट्यापासून पश्चिमेच्या भिंतीपर्यंत ३० इंच होते. फ्रीज कट्ट्यापासून दोन इंच सोडून लावला, म्हणजे तापणाऱ्या भिंतीकडे चार इंच राहिले. पाठ उत्तरेच्या भिंतीकडे, तीन इंच सोडून. वर माळा नाहीच. स्टिकर पाहिला, टी आहे. कोठ्यांनी पश्चिमेच्या भिंतीची तीन फुटांपेक्षा जास्त जागा अडवली होती, फ्रीज अडीच फुटांत मावला. म्हणजे सासूबाईंची जागा पावणेपाच फुटांची साडेपाच फूट झाली. दाराची बिजागरी माठाकडे असल्यामुळे दार त्यांच्या बाजूने मोकळं होतं. भाजी निवडून झाली की बसल्या जागेवरून हात लांबवून ट्रे ओढतात. ट्रे पूर्ण बाहेर येतो. काल त्यात मेथीच्या तीन जुड्या आडव्या ठेवल्या.

फरशीला सिंककडे उतार आहे, त्यामुळे फ्रीज आधी डुगडुगत होता. पुढचे पाय फिरवून वाटीभर पाणी वर ठेवून बघितलं आणि किंचित मागे कललेला ठेवला, आता दार आपोआप मिटतं.

दोन गोष्टी राहिल्यात, त्यासाठी जळगावच्या दादांना विचारते. त्या कोपऱ्यात पॉइंट नाही. सिंकच्या वरच्या बोर्डावरून वायर आणायची की मांडणीमागच्या बोर्डावरून, पाण्यापासून दूर? भिंत न फोडता केसिंग पट्टीतून नेली तर चालेल का? आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून चुन्याचे दोन हात मारले, वर हिरवी जाळी बांधली तर आतल्या चार इंचांत फरक पडेल का? वायरमन बुधवारी येतोय, तोवर उत्तर मिळालं तर फार बरं होईल. सध्या फ्रीज बंद आहे आणि इन्सुलिन शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवलंय.