माजी विद्यार्थी स्टेजवर नको, वर्गात पाहिजेत

कडकभाकरी
आमच्या कॉलेजात दरवर्षी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होतो. शाल, नारळ, 'आमच्या वेळी' छापाची भाषणं आणि शेवटी शिरा. पोरं हजेरीपायी हॉलमध्ये कोंडलेली. फोटो मात्र न चुकता निघतात, कारण कॉलेजला दर्जा देणाऱ्या 'नॅक'च्या मूल्यांकनात माजी विद्यार्थी संघटनेचं योगदान विचारतात.

आमच्या बॅचच्या एकाचा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. गेल्या वर्षी त्यानं भाषणाला सरळ नाही सांगितलं आणि सहा टॉवेल घेऊन बीएस्सीच्या वर्गात गेला. "जीएसएम काढा." म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. 75 बाय 150 सेंटिमीटर, वजन 450 ग्रॅम, उत्तर 400. सोपं. मग म्हणाला, "आता घरून धुऊन, वाळवून आणा."

पुढच्या आठवड्यात एका मुलीचं उत्तर 448 आलं. धुण्यात लव झडून वजन 445 वर आलेलं, मग जीएसएम वाढेल कसं? काटा बिघडलाय म्हणून ती पान खोडायला लागली. हा म्हणाला, "खोडू नको. मापं बघ." 70 बाय 142. टॉवेल आटला होता! त्या दिवशी तास संपल्यावरही पोरं उठेनात. मी मागच्या बाकावर होतो म्हणून सांगतो.

माझं म्हणणं एवढंच: माजी विद्यार्थ्यानं काम द्यावं आणि ते तपासायला परत यावं. परत येणं महत्त्वाचं.

तासिकावाला
टॉवेल छान. पण मी तासिका तत्त्वावर, म्हणजे कायम नोकरी नाही, घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर शिकवतो, मला यात वेगळंच दिसतं. कायम जागा भरायच्या नाहीत आणि वर्गात फुकटचे पाहुणे आणायचे. तुमचा मित्र दोनदा आला. बाकीचे आठवडे कोण उभं होतं? तेच सर, ज्यांचं मानधन महिनोन्‌महिने येत नाही. पोरांचं लक्ष नाही म्हणून आमच्यावर खापर, आणि लक्ष लागलं की श्रेय कारखानदाराला.

कडकभाकरी
सर, पहिल्या आठवड्याचं गणित तुमच्यासारख्याच एका सरांनी घेतलं होतं. ते लिहायला हवं होतं, चुकलंच. पण भरती थांबली म्हणून हेही थांबवायचं का?

तासिकावाला
थांबवा म्हणत नाही. आधी ताट वाढा, मग लोणच्याचं कौतुक करा.

जुनी_चिमणी
मला दुसरीच शंका. आज टॉवेल मोजले, उद्या नव्या शैक्षणिक धोरणातल्या (एनईपी) ऑन-जॉब ट्रेनिंगच्या नावाखाली पोरं कारखान्यातच घड्या घालत बसतील. क्रेडिट कॉलेजचं, मजुरी शून्य. सोलापुरी चादरीला 2005 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं म्हणून गावभर मिरवतो आपण, पण मागावर बसणाऱ्याच्या पगाराचा विषय निघाला की सगळे गप्प.

हुतात्मा_एक्स्प्रेस
पुण्यात असतो, दहा वर्षं झाली. कॉलेजातून फोन येतो तो फक्त देणगीसाठी. एकदा म्हणालो, पैसे नाहीत, पण शनिवारी दोन तास ऑनलाइन पोरांचे प्रोजेक्ट बघतो. पलीकडून "कळवतो" आलं. अजून कळवतायत.

आणि दोष आपलाही आहे. विद्यापीठ 2004 चं, एकाच जिल्ह्याचं, सगळं हाताशी. त्याच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा असतात. इथल्या किती जणांनी नाव नोंदवलंय? मीही नाही.

जुनी_चिमणी
दहा जणांनी निवडून जाऊन केलं काय, तेही विचार की.

मंद्रूपची_एसटी
मी शिकतेय सध्या, म्हणून बोलते. आम्हाला आवड नाही असं सगळे धरून चालतात. माझी बस चुकली तर घरी पोचायला अंधार होतो आणि दुसऱ्या दिवशी आईचे प्रश्न. म्हणून चारनंतरचा कुठलाच कार्यक्रम मला जमत नाही, कितीही मोठा माणूस आलेला असू दे. टॉवेलचं आवडलं, कारण ते तासातच होतं.

जुनी_चिमणी दादा, फुकटात घड्या घालायला आम्ही पण जाणार नाही. पण आमचं उत्तर कुणीतरी खरंच वापरणार असेल तर वहीत लिहायचं बळ येतं.

तासिकावाला
हे पटलं. गुरुवारी 11 चा तास माझा आहे. तुमच्या मित्राला विचारा, पण येणार असेल तर पूर्ण सत्र यायचं, महिन्यातून एकदा. मार्क मी देणार.

कडकभाकरी
विचारलं. हो म्हणतोय. शेवटची खेप कारखान्यात ठेवू म्हणतो, ब्लीचिंग दाखवायला.

मंद्रूपची_एसटी
आमचा पास घर ते कॉलेजच आहे. अक्कलकोट रोडची रिक्षा कोण देणार ते आधी ठरवा.