मीटरला ११० आलंय, म्हणजे पाणी चांगलंच की!

(कोल्हापुरातल्या एका सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

बी-१०४: 📷 शिरोळ तालुक्यातला बंधारा. मेहुण्यानं आत्ताच पाठवलाय. पोटं वर करून मासे पडलेत, बघवत नाही.

सी-३०१ वहिनी: अगंबाई! तेच पाणी आपण पण पितोय का?

ए-४०३: नाही ओ वहिनी. कालच टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतं ते) बुडवून बघितलंय, नळाचं ११० आलं. ५०० पर्यंत चालतं. निवांत प्या.

ए-२०२ काका: आकडा खरा आहे रे, पण ते मीटर पाण्यातनं वीज किती जाते एवढंच बघतं. एक कर. ग्लासभर पाण्यात चमचाभर साखर विरघळव आणि मीटर धर. मग दुसऱ्या ग्लासात चिमूटभर मीठ घालून बघ.

ए-४०३: काका, साखरेला हललंच नाही. मिठाला हजाराच्या पुढं गेलं. बायको विचारतीय, सकाळी सकाळी सरबत कुणाला?

ए-२०२ काका: 😄 बघितलंस? मळीच्या पाण्यातली (साखर कारखाना-डिस्टिलरीचं सांडपाणी) कुजणारी घाण, मैला, शेतातलं औषध यातलं बरंच त्या मीटरला दिसत नाही. आणि मासे मेले म्हटल्यावर कुणीतरी विष ओतलं असं आपण धरून चालतो. बहुतेकदा ते गुदमरून मरतात. नदीत मळी किंवा मैला आला की जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, तो आकडा म्हणजे बीओडी. आंघोळीच्या पाण्याला तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत लागतो. घरच्या सांडपाण्याचा दोन-तीनशे. डिस्टिलरीच्या कच्च्या मळीचा ४० हजाराच्या घरात! त्यात बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले, पाणी तुंबलेलं. मासा जाणार कुठं?

डी-२०१: म्हणजे साखर कारखानेच. आणि इचलकरंजीचा काळा ओढा. आपलं काय नाही त्यात.

ए-२०२ काका: काळ्या ओढ्याचा प्रकार वेगळा. कापड प्रोसेसिंगचा रंग, कॉस्टिक सोडा, क्षार. तो मात्र तुमच्या मीटरला लगेच दिसेल. प्लेटिंगचं (धातूला मुलामा देतात ते) क्रोमियम, निकेल आणखी वेगळं, ते कुजत नाही, गाळात बसतं. पाणी उकळून पण जात नाही.

बी-१०४: उसाचं खत राहिलं की काका. आमच्या तिकडं नदीला केंदाळ (जलपर्णी) एवढं माजतंय, मेहुणा म्हणतोय म्हैस चालत पलीकडं जाईल.

ए-२०२ काका: बरोबर, त्याला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतं. खतातनं येतं, मैल्यातनं पण येतं. म्हणून डी-२०१, “आपलं काय नाही” म्हणू नका.

डी-२०१: आपण काय मळी सोडतोय काय काका? 😂

ए-२०२ काका: मळी नाही, बाकी सगळं सोडतोय. आपण पाणी घेतो शहराच्या वर. वापरून सोडतो खाली. जयंती नाल्याचं पाणी अडवतात, उपसून कसबा बावड्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात नेतात, दिवसाला ७६ दशलक्ष लिटरचं आहे ते. पण जोराचा पाऊस झाला की नाला सांडव्यावरनं थेट पंचगंगेत. पुढं इचलकरंजी, शिरोळ, शेवटी नृसिंहवाडीला कृष्णेत. दत्ताला जाऊन आपण तिथंच डुबकी मारून येतो.

बी-१०४: २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आलेली. आमच्या ओळखीतली दोन घरं आजारी होती. आमचा मेहुणा अजून उकळून पितोय.

सी-३०१ वहिनी: पण आपलं ड्रेनेज तर केंद्रातच जातं ना?

ए-२०२ काका: तेच कुणाला माहीत नाही. मागच्या गेटची गटार फक्त पावसाच्या पाण्याची आहे, तरी उन्हाळ्यात पण वाहते. हे पाणी येतं कुठनं?

सेक्रेटरी: काका, हा विषय मागच्या मीटिंगला झालाय. लाईन बदलायची तर प्रत्येक फ्लॅटला खर्च येतो, लोकांनी हात वर केले नाहीत. आधी लिफ्टची वर्गणी द्या म्हणावं. आणि ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे.

सी-३०१ वहिनी: आता हे सोसायटीचं काम नाही तर कुणाचं ओ?

ए-२०२ काका: वाद नको. दहा रुपयांत कळतंय. बी-१०४, कपड्याची नीळ आहे घरात? कमोडमध्ये ओत आणि दोनदा फ्लश कर. ए-४०३, तू खाली मागच्या गेटला जाऊन थांब.

ए-४०३: थांबलो. मीटर पण आणलंय 😎

बी-१०४: ओतली. दोनदा फ्लश केलं.

डी-२०१: काय येणार नाही बघा.

ए-४०३: काका…

ए-२०२ काका: बोल.

ए-४०३: निळं आलं. चांगलं गडद आहे. फोटो टाकू काय?

सेक्रेटरी: फोटो ग्रुपवर नको प्लीज. भाडेकरू पण आहेत ग्रुपवर.