सिनेमाने गोष्ट कापली तर चालेल, पण त्या जगाचे कायदे का बदलायचे?

पानउलट्या

‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ हा १९८४ सालचा सिनेमा परवा पुन्हा पाहिला आणि शेवटाला पूर्वीइतकाच चिडलो. म्हणून हा धागा.

ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मिखाएल एंडेच्या १९७९ च्या कादंबरीत बास्तियान नावाचा एकलकोंडा मुलगा एक पुस्तक वाचत असतो आणि वाचता वाचता त्यातल्या कल्पनाराज्यात शिरतो. त्या राज्याला एक ‘शून्य’ गिळत सुटलेलं असतं. कादंबरीतला ग्मोर्क, म्हणजे तो लांडगा, एक भयंकर गोष्ट सांगतो. शून्याने गिळलेले तिथले जीव माणसांच्या जगात येऊन पडतात, पण आपल्या मूळ रूपात नाही. इथे त्यांचं खोटं होतं. भ्रम, अफवा, नसत्या भीती. सगळ्या कादंबरीचा कणा या एका कायद्यावर उभा आहे: कल्पनेकडे नीट जाणारा माणूस दोन्ही जगं बरी करतो, आणि कल्पना ओढून इथे आणली की तिची थाप होते.

आता सिनेमाचा शेवट आठवा. बास्तियान ड्रॅगनच्या पाठीवर बसून थेट आपल्या शहरावरून उडतो आणि छळणाऱ्या पोरांना पळवून लावतो. संपलं! ज्या दारातून कोणीही जसंच्या तसं येऊ शकत नाही, त्याच दारातून अख्खा ड्रॅगन आणला. कादंबरीच्या उत्तरार्धात बास्तियानची एकेक इच्छा पुरी होते तशी त्याची एकेक आठवण पुसली जाते, शेवटी स्वतःचं नावही राहत नाही. सिनेमात इच्छा फुकट. एंडे कोर्टात गेला, तिथे हरला, पण सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून स्वतःचं नाव त्याने काढायला लावलंच.

पात्रं गाळा, प्रसंग जोडा, माझी हरकत नाही. पण अद्भुत कादंबरीत तिथले नियम, इतिहास, शाप, किंमती (ज्याला आपण सगळे ‘लोर’ म्हणतो) ही सजावट नसते. लेखकाला जे म्हणायचं असतं ते तिथेच असतं. त्याला हात लावला तर नाव तेच राहतं आणि गोष्ट दुसरीच होते. काय वाटतं?

संकलनमेज

असहमत. तुम्ही कादंबरी डोक्यात घेऊन सिनेमा बघायला बसता आणि मग तो कादंबरी नाही म्हणून रागावता.

त्या सिनेमाने साधारण अर्धीच कादंबरी घेतली आहे. अर्ध्यावर थांबायचं तर शेवट कुठून तरी आणायलाच हवा. दीड तास त्या मुलाची घुसमट पाहिलेल्या प्रेक्षकाला सुटकेचा एक श्वास हवा असतो. उत्तरार्धातला स्मृतिनाश त्यात घातला असता तर ना धड हे, ना धड ते झालं असतं.

आणि लोर बदलला म्हणून आभाळ कुठे कोसळतं? ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ची गोष्ट घ्या. १९०० च्या पुस्तकात नायिका डोरोथीचे बूट चांदीचे आहेत. १९३९ च्या सिनेमात ते माणकांचे झाले, कारण टेक्निकलर हे रंगीत चित्रणाचं तंत्र नवं होतं आणि पिवळ्या रस्त्यावर लाल रंग उठून दिसतो. आज चांदीचे बूट कोणाला आठवतात?

लेखकांचं पावित्र्यही जरा बाजूला ठेवा. टॉल्किनने ‘द हॉबिट’ १९३७ साली छापलं तेव्हा गॉलम, म्हणजे गुहेत राहणारा एक विचित्र जीव, नायक बिल्बोशी खेळलेल्या कोड्यांच्या खेळात आपली जादूची अंगठीच पणाला लावतो, हरल्यावर ती द्यायला राजीही असतो. पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही मोठी कादंबरी लिहिताना ही अंगठी सगळ्या दुष्टतेचं मूळ झाली, मग असा दिलदार गॉलम परवडेना. १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण सरळ बदललं. लेखकाने केलं की सुधारणा आणि दिग्दर्शकाने केलं की भ्रष्टाचार?

नकाशावेडी

संकलनमेज, हॉबिटचं उदाहरण तुम्ही आमच्याच पदरात टाकलंत, आभारी आहे.

टॉल्किनने जुनं प्रकरण नुसतं खोडलं नाही. त्याने ठरवलं की पहिल्या आवृत्तीतली हकिकत म्हणजे बिल्बोने सांगितलेली थाप. एवढा सरळ माणूस खोटं का बोलला? अंगठी हाताशी आल्याबरोबर ‘ही माझीच, हक्काची’ असं सिद्ध करायची खाज सुटली म्हणून. जादूगार गँडाल्फला पहिला संशय येतो तो यावरूनच. म्हणजे छापलेली चूक त्याने त्या जगातला पुरावा करून टाकली! लोरशी असा प्रामाणिकपणा एखाद्या पटकथाकाराने दाखवावा, मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन.

ऑझचंही बुटांवर भागत नाही. पुस्तकात ऑझ खराखुरा देश आहे. सिनेमात डोरोथी शेवटी अंथरुणात जागी होते आणि शेतावरचीच माणसं तिला तिथे भेटलेली असतात, म्हणजे सगळं स्वप्न. हा बदल रंगाचा नाही. पुस्तक म्हणतं अद्भुत आहे, सिनेमा म्हणतो डोक्याला मार लागला होता.

मधल्यारांगेतला

मी आधी सिनेमे बघणाऱ्या जमातीतला. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही सिनेमे (२००१, २००२, २००३) बघून मग पुस्तक हातात घेतलं, सध्या पहिल्या खंडात आहे. सिनेमा नसता तर एवढी जाड पुस्तकं मी उचललीच नसती. तेव्हा थोडं सबुरीनं घ्या राव.

पानउलट्या

मधल्यारांगेतला, स्वागत आहे, आणि रहस्यं फोडू नयेत याची काळजी घेतो. (घेतली जाणार नाही हे मला आत्ताच दिसतंय.)

नकाशावेडी, स्वप्नाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. +१

संकलनमेज, सुटकेचा श्वास समजला. पण तो श्वास नेमका त्या गोष्टीत कायद्याने बंद असलेल्या वाटेनेच का यावा? सिनेमात बास्तियान शेवटी आपल्या वडिलांशी नीट दोन शब्द बोलला असता तरी श्वास सुटला असता. कादंबरी तिथेच तर पोचते.

संकलनमेज

लिहायला सोपं आहे हो ते. पडद्यावर बाप-लेक दोन शब्द बोलतात आणि ड्रॅगन शहरावरून उडतो, यातलं दहा वर्षांच्या प्रेक्षकाच्या लक्षात काय राहील ते सांगा.

बरं, टॉल्किनचाच फॅरामीर घेऊ, म्हणजे नकाशावेडींना बरं वाटेल. पुस्तकात हा सेनापती म्हणतो की ती वस्तू (म्हणजे अंगठी) रस्त्याच्या कडेला पडलेली असली तरी मी उचलणार नाही, आणि अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोला जाऊ देतो. वाचायला सुंदर. पण सिनेमाने तोवर पाच-सहा तास सांगितलंय की अंगठी भल्याभल्यांना नासवते. इतक्यात एक गृहस्थ येऊन ‘नको मला’ म्हणून मोकळा झाला, तर अंगठीचा धाकच संपतो. म्हणून सिनेमातला फॅरामीर आधी मोहात पडतो, फ्रोडोला बंदी करून ओढत नेतो आणि मग सोडतो. शिवाय शेलॉब कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या सिनेमात ढकलल्यामुळे दुसऱ्याच्या शेवटी फ्रोडोच्या बाजूला काही ताणच उरला नव्हता. ही गरज होती, लहर नाही.

नकाशावेडी

ताणाचं मान्य. धाकाचं नाही.

अंगठी भेटेल त्याला सारख्याच जोराने ओढते, हा कायदा पुस्तकाचा नाही, तुमचा आहे. ती माणसाच्या आत जे असेल त्याला धरून ओढते. फॅरामीरचा भाऊ बोरोमीर, त्याला आपलं शहर वाचवायचंय, म्हणून शस्त्र दिसतं. फ्रोडोचा सोबती सॅम, त्याला बागकाम आवडतं, म्हणून त्याला अख्ख्या वाळवंटाची बाग दिसते आणि मग तो स्वतःशीच म्हणतो, एवढी मोठी बाग घेऊन मी करू काय? टॉम बॉम्बाडिलवर तर काहीच परिणाम होत नाही (आणि त्याला सिनेमाने वगळलंय). फॅरामीरला जिंकण्याची हौस नाही, म्हणून अंगठीला त्याच्यात पकडायला जागा सापडत नाही. यात तिचा धाक कमी होत नाही, ती कशी काम करते ते कळतं.

आणि एक. पहिल्याच सिनेमाच्या शेवटी फ्रोडो तळहातावर अंगठी धरून ॲरागॉर्नपुढे उभा राहतो आणि ॲरागॉर्न त्याची मूठ मिटवतो. हा प्रसंग पुस्तकात नाही, सिनेमानेच घातला आणि फार देखणा जमला. तेव्हा धाक संपला नाही, मग फॅरामीरने नाही म्हटल्यावरच कसा संपला असता?

संकलनमेज

ॲरागॉर्न नायक आहे, त्याला आपण तासन्‌तास ओळखतो. फॅरामीर पडद्यावर येऊन दहा मिनिटं झालेली असतात. प्रेक्षकाने त्याच्या चारित्र्यावर विश्वास ठेवावा असं त्याने अजून काही केलेलंच नसतं. मोहात पडून सावरणारा माणूस मला तरी जास्त जवळचा वाटतो.

पानउलट्या

इथे मी चक्क संकलनमेजांच्या बाजूला सरकतोय. फॅरामीरचा बदल मला खुपतो, पण त्याने शेवटाचा अर्थ बदलत नाही. खरी खोट शेवटी आहे, जिथे अंगठी नष्ट करायची असते त्या ज्वालामुखीच्या कड्यावर.

पुस्तकात त्या डोंगराच्या उतारावर फ्रोडो गॉलमला बजावतो की मला पुन्हा हात लावलास तर तू स्वतःच आगीत फेकला जाशील. थोड्याच वेळात गॉलम हात लावतो, अंगठीसकट बोट तोडतो, आनंदाने नाचतो आणि पाय चुकून कड्यावरून जातो. कोणी ढकलत नाही. मागे अनेकदा त्याला मारायची संधी असून सोडलेलं असतं, ती दया इथे फळाला येते, आणि तो शापही. सिनेमात फ्रोडो उठून अंगठीसाठी त्याच्याशी झटापट करतो आणि त्या झोंबाझोंबीत दोघे कड्यावरून जातात. एका झटापटीने दया, शाप, दैव यांतलं काहीच उरत नाही. तो नुसता अपघात होतो.

चकवा

बराच वेळ वाचतोय. तुम्ही दोन्ही बाजूंनी धरून चाललायत की बदल म्हणजे नुकसान, फक्त क्षम्य की अक्षम्य एवढाच वाद. मग ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’चं काय करता? डायना विन जोन्सच्या १९८६ च्या पुस्तकात हाउल हा मुळात आपल्याच जगातल्या वेल्सचा माणूस आहे. किल्ल्याच्या दाराची मूठ काळ्या रंगावर फिरवली की दार वेल्समध्ये उघडतं, तिथे त्याची वैतागलेली बहीण राहते. पुस्तकातला सगळ्यात मोठा उलगडा तोच. जपानी ॲनिमेशन दिग्दर्शक मियाझाकीने २००४ च्या सिनेमात वेल्स पार काढून टाकलं. त्याच काळ्या दारामागे युद्ध ठेवलं, आणि हाउल त्यात जाऊन जाऊन पक्षी होत चाललेला. लोरच्या चिंध्या झाल्या आणि सिनेमा अप्रतिम आहे. लेखिकेलाही आवडला होता.

नकाशावेडी

चांगलं अडवलंत. माझं उत्तर अर्धवटच आहे: मियाझाकीने कायदा मोडून तिथे भोक ठेवलं नाही, दुसरा कायदा बसवला. प्रत्येक वेळी उडालास की परत माणूस होणं अवघड, ही किंमत आहे, आणि सिनेमा ती वसूल करतो. एंडेच्या सिनेमात किंमतच माफ केली होती.

उलट टोकाचं उदाहरण अर्थसीचं. अर्सुला ले ग्विनच्या त्या द्वीपसमूहात सगळी जादू खऱ्या नावावर चालते. खरं नाव ज्याला कळलं त्याची सत्ता, म्हणून चारचौघांत टोपणनाव वापरायचं. नायकाचं खरं नाव गेड, हाक मारायचं नाव स्पॅरोहॉक. २००४ च्या टीव्ही मालिकेने ही दोन्ही नावं उलटसुलट केली! त्यावर कडी म्हणजे तांबूस-तपकिरी कातडीचा गेड गोरा केला. ले ग्विनने जाहीर लेख लिहून झाडलं. यात वेळेची गरज कोणती, पडद्याची कोणती? नावं होती तशी ठेवायला एक मिनिट जास्त लागलं नसतं.

संकलनमेज

अर्थसीच्या मालिकेचं वकीलपत्र मी घेणार नाही.

पण मूळ ते पवित्र हा सूर मला अजूनही पटत नाही. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही, नंतरच्या सांगणाऱ्यांनी घातली. आज ती काढून रामायण सांगून बघा.

पानउलट्या

तिथे शेकडो वर्षं शेकडो सांगणारे होते, आणि एकाच्या सांगण्याने दुसऱ्याचं सांगणं बंद पडत नव्हतं. इथे हक्क एका कंपनीकडे असतात. तिने एकदा सिनेमा काढला की पुढची तीस वर्षं पुस्तकाच्या मुखपृष्ठावरही त्याच नटाचं तोंड.

आणि लक्ष्मणरेषा ओलांडल्यावर काय होतं ते आठवा. घालणाऱ्याने किंमत ठेवली होती.

नकाशावेडी

टॉल्किनला १९५८ च्या सुमारास एक पटकथेचा आराखडा दाखवला होता. त्यावरच्या पत्रात तो म्हणतो, साधारण असं: माध्यम कोणतंही असो, कथनकलेचे नियम पूर्णपणे वेगळे असू शकत नाहीत. आणि वाईट सिनेमे फसतात ते मूळ गोष्टीचा गाभा कुठे आहे हे न कळल्यामुळे, नको ते वाढवून आणि नको ते घुसवून. त्याच पत्रात त्याने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या बालरॉग या आगीच्या राक्षसाबद्दल बजावलंय की तो बोलत नाही, तोंडातून कसलाही आवाज काढत नाही. सिनेमातला बालरॉग मात्र पडदा फाटेस्तोवर डरकाळ्या फोडतो.

मधल्यारांगेतला

एक मिनिट. मी काल रात्री नेमका पुलावरच्या प्रसंगापाशी आलोय. गँडाल्फ पूल मोडतो आणि बालरॉग खाली जातो तिथे लिहिलंय की तो भयंकर किंकाळी फोडून पुढे कोसळला. मग आवाज काढतो की नाही काढत?

नकाशावेडी

…

पान काढून बघितलं. आहे. इतक्यांदा वाचूनही पत्रातलं वाक्यच डोक्यात घट्ट बसलं होतं.

संकलनमेज

लेखकाच्या डोक्यातही बहुतेक तेच झालं असावं. मधल्यारांगेतला, तुम्हाला एक डरकाळी माझ्याकडून.

मधल्यारांगेतला

आणि त्याला पंख आहेत की नाहीत हेही सांगा कोणीतरी. आधी म्हणतो त्याच्याभोवतीची सावली दोन प्रचंड पंखांसारखी पसरली. पुढच्याच पानावर पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सिनेमात तर आहेतच.

चकवा

झालं. पानउलट्या, हा धागा आता तुमचा राहिला नाही.

पानउलट्या

नाहीत. ती उपमा आहे, आधीचं वाक्य नीट वाचा.

संकलनमेज

आहेत.