फायरप्लेस बसवतोय, मिस्त्री म्हणतात "काही होत नाही", पण मन मानत नाहीये. जरा बघता का?

नवीन_छप्पर:
नमस्कार मंडळी, घराचं काम चालू आहे आणि हॉलमध्ये लाकडं जाळायची खरीखुरी फायरप्लेस करतोय. घराचा पाया घातला तेव्हाच इंजिनिअरने फायरप्लेससाठी वेगळा काँक्रीटचा पाया घालून घेतला होता, त्याची काळजी नाही. त्यावर वीटकाम गुडघ्यापर्यंत आलंय आणि पुढच्या ओट्याचा स्लॅब मागच्या आठवड्यात ओतला. हॉलचं फ्लोअरिंग लाकडी आहे, खाली लाकडी तुळया, छप्पर उतरतं आणि लाकडी वाशांवर.

आता अडचण अशी की मी जे प्रश्न विचारतो त्याचं उत्तर "काही होत नाही साहेब" एवढंच येतं. तोंड ४ फूट रुंद आणि ३ फूट उंच धरलंय, बायकोला मोठं हवंय, मलाही आवडलंय. धुराड्यात ८ इंची गोल पाईप टाकायचा म्हणतात. छपरावर धुराडं दीड फूट वर काढायचं, जास्त काढलं तर दिसायला वाईट दिसतं म्हणे. आतल्या विटा साध्याच आणि माल सिमेंट-वाळूचा. ओट्याखालचं शटरिंग काढता येणार नाही, खाली हात पोचत नाही, तर ते तसंच राहू द्या म्हणाले. तोंडाच्या भोवती नदीतले गोटे लावायचेत आणि वर एक जाड लाकडी फळी, मँटल. यातलं काय चालेल, काय नाही? घरात दोन लहान मुलं आहेत त्यामुळे उगाच धोका पत्करायचा नाहीये. आधी विचारायला हवं होतं हे मान्य, पण अजून गिलावा झालेला नाही, सगळं उघडं आहे.

वीट_आणि_ओळंबा:
दादा, गिलाव्याच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत, कारण फायरप्लेसमध्ये जे घातक असतं ते सगळं गिलाव्याच्या मागे जातं आणि मग कुणालाच दिसत नाही. मी बरीच वर्षं वीटकामात आहे, धुराडी बांधलीयेत आणि दुसऱ्यांनी बांधलेली फोडलीयेत पण.

पहिलं तोंडाचं माप. ४ बाय ३ म्हणजे ४८ गुणिले ३६, १७२८ चौरस इंच. गोल धुराड्याचं आतलं क्षेत्रफळ तोंडाच्या निदान १० व्या भागाएवढं धरायचं हा आमचा ठोकताळा, म्हणजे तुम्हाला १७३ चौरस इंच लागतात. ८ इंची पाईपचं भरतं जेमतेम ५०. पेटवलीत की धूर सरळ हॉलमध्ये येणार, पहिल्याच दिवशी. एवढ्या तोंडाला जवळजवळ १५ इंची पाईप लागेल आणि तेवढं धुराडं घरातली ऊब पण ओढून नेईल. माझं ऐकाल तर तोंड लहान करा. ३० इंच रुंद आणि २६ इंच उंच केलंत तर ७८० चौरस इंच होतात आणि १० इंची गोल पाईप बरोब्बर बसतो, त्याचं क्षेत्रफळ ७८ च्या वर आहे. वहिनींना सांगा की मोठ्या तोंडाने खोली जास्त गरम होत नाही. १७९६ मध्ये काउंट रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने हेच लिहून ठेवलं होतं, की लाकडं जळतात तो आतला खण उथळ करा, बाजूच्या भिंती तिरक्या उघडत्या ठेवा म्हणजे उष्णता खोलीत फेकली जाते, आणि वरचा गळा अरुंद ठेवा. खोल आणि मोठं केलं की उष्णता धुराड्यातून वर जाते.

आतल्या खणाला साध्या विटा आणि सिमेंटचा माल नको म्हणजे नकोच. सिमेंटचा माल तापून तापून भुसभुशीत होतो, सांध्यातून गळायला लागतो, आणि सांधा मोकळा झाला की ज्वाळ मागच्या विटांपर्यंत जाते. भट्टीला लावतात त्या फायरब्रिक आणा, २ इंच जाडीच्या, फायरक्लेच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मातीच्या मालात बसवा आणि सांधा अगदी बारीक ठेवा, पाव इंचाच्या आत. त्यांच्यामागे साधं वीटकाम धरून बाजूच्या आणि मागच्या भिंतीची एकूण जाडी निदान ८ इंच. धुराड्यात पण नुसता पत्र्याचा पाईप नको, लायनर म्हणजे आतलं अस्तर लागतं, मातीचं किंवा चांगल्या स्टीलचं.

आता लाकूड. फायरप्लेसच्या मागच्या बाजूपासून कुठलंही लाकूड ४ इंच लांब, आणि धुराडं घराच्या आतून वर जातं तिथे वाशापासून चहुबाजूंनी २ इंच मोकळी जागा. मोकळी म्हणजे मोकळी, त्यात कापूस, थर्माकोल, लाकडाच्या पट्ट्या काही कोंबायचं नाही. छतातून धुराडं जातं तिथे ती फट पत्र्याने बंद करायची म्हणजे आग एका मजल्यावरून दुसऱ्यावर चढत नाही.

छपरावर दीड फूट पुरणार नाही. जिथून बाहेर पडतं तिथून निदान ३ फूट वर, आणि शिवाय १० फुटांच्या आत छपराचा जो उंच भाग असेल त्याच्यापेक्षा २ फूट वर. तुमचं धुराडं आढ्यापासून किती लांब आहे ते सांगा. वर टोपी आणि जाळी लावा, पाऊस आत जायला नको आणि ठिणगी बाहेर जायला नको.

पुढचा ओटा तोंड लहान केलंत तर पुढे १६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८-८ इंच पुरतो. तोंड ६ चौरस फुटांचं किंवा त्याच्या वर असेल तर २० आणि १२. तुमचं ४ बाय ३ चं १२ चौरस फूट होतंय, त्याला मोठाच ओटा लागला असता. शटरिंगचं मी लिहिणार होतो पण ते वेगळं आणि नीट लिहितो, आत्ता साईटवर आहे.

राखुंडी:
शटरिंगचं मी सांगते, कारण आमच्याकडे झालंय ते.

आमच्या आधीच्या घरात पण असंच होतं, ओटा ओतताना खाली प्लायवूड आणि दोन फळ्या लावल्या होत्या आणि कंत्राटदाराने त्या तशाच ठेवल्या. आम्हाला माहीतच नव्हतं. तीन हिवाळे काही झालं नाही. चौथ्या हिवाळ्यात एकदा सकाळी उठले तर जळक्या लाकडाचा वास, आणि आदल्या रात्री विस्तव तर आम्ही विझू देऊन झोपलो होतो. राखेत हात धरला, गार. मग अनवाणी ओट्यावर पाय ठेवला आणि फरशी कोमट लागली. मधली नाही, कडेची, जिथे ओटा लाकडी फ्लोअरिंगला भिडतो तिथे. नवऱ्याने फ्लोअरिंगची एक पट्टी उचकटली तर खालून धुराची बारीक रेघ वर आली. अग्निशमनवाल्यांनी येऊन फरशी फोडली, खाली प्लायवूडचा अक्षरशः कोळसा झाला होता, हातात घेतला की चुरा व्हायचा, आणि शेजारच्या तुळईची कड बोटभर आत काळी. ज्वाळ कुठेच नव्हती, नुसतं धुमसत होतं. घरात झोपलेली माणसं, वर मुलांची खोली. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

त्या दिवशी अधिकाऱ्यांनी समजावलं ते असं, की कोरं लाकूड पेटायला साधारण २५० अंशांच्या पुढे तापमान लागतं, पण तेच लाकूड वर्षानुवर्षं हळूहळू तापत राहिलं की आतून बदलतं, कोळशासारखं होत जातं आणि मग खूपच कमी तापमानाला पेट घेतं. म्हणून पहिल्या वर्षी काही झालं नाही याचा अर्थ पुढे होणार नाही असा नसतो. दादा, हात पोचत नसेल तर भगदाड पाडा, पण त्या फळ्या काढा. प्लीज.

वीट_आणि_ओळंबा:
ताईंनी लिहिलं त्याच्या पुढे मला काही लिहायला उरलं नाही. ओट्याखाली शटरिंग ठेवायचं नाही, एक फळीसुद्धा नाही. स्लॅब पक्का झाला की तो स्वतःच्या सळयांवर, मागच्या वीटकामात अडकून उभा राहिला पाहिजे, खालच्या फळीच्या आधारावर नाही. फ्लोअरखाली जायला वाट असेल तर तिथून काढा, नसेल तर फ्लोअरिंगच्या दोन-तीन पट्ट्या उचला.

हवा_खेळती:
सगळे आगीचंच बोलतायत म्हणून हवेचं लिहितेय. लाकडं जळायला हवा लागते आणि ती घरातूनच जाते, नवीन घरं इतकी बंदिस्त असतात की तेवढी हवा आत येतच नाही. त्यात स्वयंपाकघरातला मोठा एक्झॉस्ट चालू केला की तो धुराड्यातून उलटी हवा ओढतो, आणि धूर दिसला तरी बरं पण कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, माणसाला वाटतं सर्दी-ताप आलाय. घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं तर आधी सगळ्यांना बाहेर काढा.

सगळ्यात धोक्याची वेळ शेवटची असते. ज्वाळ गेली, निखारे राहिले, धुराडं गार व्हायला लागलं की ओढ कमी होते आणि निखारे तर गॅस सोडतच असतात. ऊब जाऊ नये म्हणून झोपताना डँपर, म्हणजे धुराड्याची झडप, बंद करतात लोक, ते कधीही करू नका, राख पूर्ण गार झाल्याशिवाय झडप बंद नाही. बाहेरून खणाजवळ हवा येईल असा एक पाईप आत्ताच ठेवून घ्या, भिंत उघडी आहे तोवर सोपं आहे. झोपायच्या खोल्यांच्या बाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, धुराचा वेगळा. आणि पेटवायच्या आधी एक साधी तपासणी, खिडक्या बंद, एक्झॉस्ट चालू, डँपर उघडा, काडी पेटवून विझवायची आणि तोंडाच्या वरच्या कडेला धरायची. धूर आत वर गेला पाहिजे. खोलीकडे आला तर त्या दिवशी पेटवायचं नाही, आधी कारण शोधायचं.

नवीन_छप्पर:
सगळ्यांचे मनापासून आभार, राखुंडी ताई तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. तोंड ३० बाय २६ करायचं ठरलं, बायकोला १० इंची पाईपचा हिशोब दाखवला तर तीच म्हणाली धूर घरात नको. आढं धुराड्यापासून ५ फुटांवर आहे, म्हणजे आढ्यापेक्षा २ फूट वर न्यावं लागेल ना? गोटे आणि मँटलचं कुणी बोललं नाही. आणि लाकडं कुठली जाळायची? साईटवर प्लायवूडचे आणि पॉलिश केलेले तुकडे भरपूर पडलेत.

वीट_आणि_ओळंबा:
हो, आढ्यापेक्षा २ फूट वर. दिसायला उंच दिसेल पण वारा आढ्यावरून घसरून खाली येतो तो धुराड्यात शिरता कामा नये.

गोटे बाहेरच्या दर्शनी भिंतीला लावा, छान दिसतात. आतल्या खणात एकही नको. नदीतल्या गोट्यात पाणी मुरलेलं असतं, तापला की त्याची वाफ होते आणि दगड फुटून चिपा उडतात.

मँटलची फळी तोंडाच्या वरच्या कडेपासून ६ इंचांच्या आत नकोच. ६ ते १२ इंचांच्या मधे असेल तर जितके इंच लांब तितके अष्टमांश इंचच पुढे काढायची, म्हणजे ८ इंचांवर फक्त १ इंच. तुम्हाला जाड आणि रुंद फळी हवीय, मग सरळ १२ इंचांच्या वर चढवा आणि मोकळे व्हा.

साईटचे तुकडे अजिबात नाही, प्लायवूडच्या डिंकाचा, पॉलिशचा आणि औषध मारलेल्या लाकडाचा धूर विषारी. फोडलेलं लाकूड निदान ६ महिने ते वर्षभर छपराखाली वाळलेलं हवं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचायचं, २० टक्क्यांच्या खाली आलं तर जाळायचं. ओल्या लाकडाचा धूर गार असतो, तो धुराड्याच्या आत डांबरासारखा चिकटतो, आणि हे डांबर एकदा पेटलं की धुराड्यातच आग लागते, १००० अंशांपर्यंत जाते, रेल्वे गेल्यासारखा आवाज येतो. दरवर्षी साफ करून घ्या, आणि आत ३ मिलिमीटरचा थर दिसला तर वर्षाची वाट बघू नका.

बांधून झालं की लगेच मोठा जाळ करू नका. महिनाभर वाळू द्या, मग काही दिवस मूठभर काटक्यांचा लहान विस्तव, नाहीतर विटांतल्या ओलीची वाफ होऊन तडे जातात.

राखुंडी:
राखेचं राहिलं. राखेत निखारा दोन-तीन दिवस जिवंत राहू शकतो, वरून पांढरी गार दिसते. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा, डबा घराबाहेर, लाकडी व्हरांड्यावर नाही. व्हॅक्युम क्लीनर राखेला कधीच लावायचा नाही. आणि मुलं आहेत तर पुढे भिंतीला अडकवलेली मजबूत जाळी बसवा, काचेचं दार एकटं पुरत नाही, काच विझल्यावर पण बराच वेळ चटका देते.

नवीन_छप्पर:
आज फ्लोअरखाली उतरलो, मी आणि मिस्त्री दोघंही, टॉर्च घेऊन. सगळ्या फळ्या निघाल्या, पाच होत्या, एक तर स्लॅबमध्ये अर्धी रुतली होती, छिन्नीने तुकडे करून काढली. स्लॅब इंजिनिअरने खालून बघितला, सळया मागच्या वीटकामात नीट गेल्यात. मिस्त्रींना राखुंडी ताईंचं सगळं वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प बसले आणि मग स्वतःहून म्हणाले की वाशांचं पण बघू. धुराडं जिथून वर जाणार तिथे ओळंबा सोडला तर एका वाशापासून सव्वा इंचच जागा राहतेय. वासा तासून घेऊ का पाऊण इंच?

वीट_आणि_ओळंबा:
वाशाला हात लावू नका, छपराचा भार आहे त्याच्यावर. वीटकाम गुडघ्यापर्यंतच आलंय ना, मग गळ्याच्या वर धुराडं दर थराला थोडं थोडं सरकवत पाऊण इंच बाजूला न्या, एवढ्याने ओढ बिघडत नाही. लायनर पण त्याच रेषेत सरकला पाहिजे. दर चार-पाच थरांनी पुन्हा ओळंबा सोडून मोजा आणि २ इंच भरले की फोटो काढून ठेवा, छत बंद करायच्या आधी.