‘निर्भीड’ आणि ‘निर्भय’ एकच का? (आणि वाटेत भेटलेला ‘ग्वाही’)

प्रश्न – मगरपट्ट्याहून

शनिवारी आमच्या टीममधल्या एका ताईंचा निरोप समारंभ आहे. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी एका शब्दापाशी अडले आहे.

प्रसंग सांगते. गेल्या वर्षी कंपनीत ले-ऑफची कुजबुज सुरू झाली. टाउनहॉलमध्ये वरच्या मंडळींनी ग्वाही दिली, की कुणाच्याही नोकरीला धक्का लागणार नाही. कँटीनमध्ये मात्र रोज नवा आकडा ऐकू यायचा. एका दुपारी ताईंनी आम्हा अकरा जणांना मीटिंग रूममध्ये बोलावलं, दार लावलं आणि म्हणाल्या, “यादी तयार होतेय, हे मला माहीत आहे. यादीत कोण आहे, हे माहीत नाही. माझंही नाव असेल. कुणी फ्लॅटचं बुकिंग करायला निघाला असाल, तर दोन महिने थांबा.” एवढंच. पुढे आमच्यातले तिघं गेले. मी कर्जाच्या कागदांवर सही करणार होते, ती लांबवली होती.

‘स्पष्टवक्त्या’ लिहून पाहिलं. त्यात फाडकन तोंडावर बोलणारी बाई दिसते. ‘परखड’, ‘सडेतोड’, ‘रोखठोक’ या सगळ्यांत समोरच्याला काहीतरी लागतं. ‘निर्भीड’ जवळचा वाटला, पण त्या दिवशी ताई घाबरलेल्या होत्या. हातातला पाण्याचा ग्लास थरथरत होता. घाबरलेल्या माणसाला निर्भीड म्हणता येतं का?

सदाशिव पेठेतून, निवृत्त शिक्षक

येतं. बेलाशक म्हणा.

निर्भय म्हणजे ज्याला भय नाही तो. निर्भीड म्हणजे जो भीड ठेवत नाही तो. ओळखीचा, उपकाराचा, वयाचा, मिठाचा जो दाब आपल्या जिभेवर असतो, तो म्हणजे भीड. भिडेखातर वर्गणी देतो तेव्हा आपण पावतीपुस्तक घेऊन आलेल्या पोरांना भीत नसतो. भिडस्त माणूस भित्रा असतोच असं नाही. पानात तिसऱ्यांदा भात पडत असताना त्याला ‘पुरे’ म्हणता येत नाही, इतकंच. नवी सून महिनाभरात मोकळेपणी बोलू लागली, की तिची भीड चेपली म्हणतात. अडलेलं काम व्हावं म्हणून कुणाची तरी भीड घालतात. आणि ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण तर आमच्या आईच्या तोंडी रोजची होती. उधार मागणाऱ्याला नाही म्हणता न आल्यानं आमच्या घरानं बरंच गमावलं होतं.

वाघापुढे माणूस निर्भय असू शकतो, निर्भीड नाही. वाघाची भीड कोण ठेवतो? भीड असते ती आपल्याच माणसांची. तुमच्या ताईंना नोकरीची भीती होती आणि तरी वरिष्ठांच्या शब्दाची भीड त्यांनी ठेवली नाही. शब्द चपखल आहे, हात थरथरत असला तरी.

कर्वेनगरहून

‘रामशास्त्री बाणा’ का नको? पुण्यातल्या समारंभात शोभेल. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा रामशास्त्री प्रभुण्यांनी आधी चौकशी केली आणि मग राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणं सोडलं. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिकाही त्याच खुनाभोवतीची. हुकुमातलं एक अक्षर फिरवणारे आणि आपला शब्द न फिरवणारा, दोघेही एकाच घटनेतून भाषेत आले, हे मला नेहमी विलक्षण वाटतं.

मगरपट्ट्याहून

काका, ‘निर्भीड’बद्दल मनापासून आभार. हा फरक मी शाळेत कधी शिकले नाही. ‘रामशास्त्री बाणा’ मात्र ताईंना मोठा होईल. त्यांना कुणावर निकाल द्यायचा नव्हता. माहीत आहे ते आणि माहीत नाही ते वेगवेगळं करून त्यांनी आमच्यापुढे ठेवलं. मला शब्द हवाय तो त्यासाठी.

एरंडवण्यातून, भाषांतरकार

मग ताई, तुम्हीच वापरलेल्या एका शब्दाकडे परत जा. ‘ग्वाही दिली’ असं तुम्ही सहज लिहिलंत. आज वर्तमानपत्रांतही त्याचा अर्थ एवढाच उरलाय: आश्वासन. पाणीकपात होणार नाही अशी ग्वाही, एकाही झाडाला हात लावणार नाही अशी ग्वाही.

शब्द फारसी आहे, मूळ ‘गवाही’, म्हणजे साक्ष. हिंदीत कोर्टात अजून गवाही होते. मराठीतही तोच अर्थ होता. तुकोबांनी खऱ्याखोट्याच्या बाबतीत आपल्या मनाला ग्वाही केलं आणि बहुमत मानलं नाही. तिथं ग्वाही म्हणजे साक्षीदारच. आणि ‘माझं मन ग्वाही देत नाही’ असं आपण आजही म्हणतो, तेव्हा मन कसलंही आश्वासन देत नसतं. ते साक्ष द्यायला नकार देत असतं.

साक्ष पाहिलेल्या गोष्टीची असते. वचन पुढच्या गोष्टीचं. एकाच शब्दानं या टोकाचं त्या टोकाला जावं, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण वेळ अनिश्चित असते तेव्हा वचनांचा सुकाळ होतो आणि साक्षी मिळत नाहीत. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले करोना रुग्ण पुण्यात सापडले. त्यानंतरचे आठवडे आठवा. ‘काही होत नाही’ म्हणणारे पुष्कळ होते, ‘सगळं संपलं’ म्हणणारेही. आमच्या गल्लीतले डॉक्टर मात्र प्रत्येकाला सांगायचे, “हे मला कळलंय, हे अजून कुणालाच कळलेलं नाही.” लोक त्यांचंच ऐकत. तुमच्या ताईंनी जुन्या अर्थानं ग्वाही दिली.

डेक्कनवरून

एक शंका. समजा, यादीच झाली नसती तर? ताई चुकल्या असत्या तर अकरा घरांची झोप उगाच उडवली असं झालं असतं.

सदाशिव पेठेतून

शंका रास्त आहे. त्यावर मला गोपाळ कृष्ण गोखले आठवतात. १८९७ च्या प्लेगात ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याहून मित्रांची पत्रं गेली, की घरांच्या झडतीत गोऱ्या सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केले. गोखल्यांनी ते तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. परत आल्यावर पुरावा द्यायला एकजण पुढे येईना. तेव्हा त्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली आणि पत्रं लिहिणाऱ्यांची नावं उघड केली नाहीत. पुण्यानं त्यांना या माफीबद्दल फार बोल लावले. माझ्या लेखी ते बोलले तेव्हाही निर्भीड होते आणि शब्द मागे घेतला तेव्हाही. दुसऱ्या वेळी तर भीड आपल्याच गावाची होती, म्हणजे जास्त कठीण.

गोखल्यांवरून ‘मवाळ’ आठवला. जहाल-मवाळ वाद आणि १९०७ ची सुरतेची फूट यांनी त्या शब्दाला दुबळेपणाचा वास आणला. माउलींनी बोलणं कसं असावं हे सांगताना ‘साच’ आणि ‘मवाळ’ शेजारी ठेवलेत, आणि जोडीला ‘मितुले’, म्हणजे मोजकं. ताईंचं ते चार वाक्यांचं बोलणं याहून वेगळं होतं का?

मगरपट्ट्याहून

नव्हतं. वाचताना डोळ्यांत पाणी आलं. आत्ता असं लिहिलंय:

“ज्या दिवसांत सगळे आश्वासनं देत होते, त्या दिवसांत ताईंनी आम्हाला ग्वाही दिली. माहीत होतं तेवढं सांगितलं, नव्हतं ते नाही म्हणाल्या. त्यांचं बोलणं साच होतं, मवाळ होतं, मितुले होतं. आणि त्यात कुणाची भीड नव्हती.”

‘ग्वाही’ जुन्या अर्थानं वापरलाय हे समारंभात लोकांना कळेल का?

एरंडवण्यातून

नाही कळणार. ‘आपल्या मनाला ग्वाही ठेवून त्या बोलल्या’ असं करा, म्हणजे अर्थ आपोआप लागेल.

सदाशिव पेठेतून

आणि ‘मितुले’ काढून ‘मोजकं’ घाला. मानपत्र मोठ्यानं वाचायचं असतं, वाचणारा तिथं अडखळेल. बाकी एका अक्षराला हात लावू नका.