जग एवढं जवळ आलं तरी नरसंहार थांबवायला कोणी येत का नाही?

रामबागकर (इंदूर):
मंडळी, मदत पाहिजे. मुलीला वक्तृत्व स्पर्धेत विषय आलाय, जागतिकीकरण आणि नरसंहार. तिने पहिलंच वाक्य लिहिलं की जग आता एक खेडं झालंय त्यामुळे कुठेही अन्याय झाला की सगळे धावून येतात. मी म्हटलं बाई गं, खेड्यात तरी कोण धावून येतं, शेजारच्या वाड्यात लाठ्याकाठ्या निघाल्या की लोक आधी स्वतःच्या दाराला कडी लावतात. ती चिडली आणि वही माझ्यापुढे टाकून गेली, आता मीच अडकलोय. १९९४ ला रवांडात १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसं मारली, तेव्हा निदान म्हणता यायचं की आम्हाला कळलं नाही. आता सुदानमधल्या एल फाशर शहरातली कत्तल आपण जेवताना मोबाइलवर बघतो, मारणारेच व्हिडिओ बनवून नेटवर टाकतात. मग दिसल्याने फरक काय पडला? आणि पडला नसेल तर का नाही पडला?

लष्करवाली मावशी (ग्वाल्हेर):
अहो रामबागकर, रवांडाचंसुद्धा "कळलं नाही" हे खरं नाही हो. मी इतिहास शिकवायचे म्हणून सांगते. संयुक्त राष्ट्रांचं सैन्य तिथे आधीपासून होतं. त्यांचा सेनापती डलेअर, त्याने जानेवारीतच न्यूयॉर्कला तार केली होती की शस्त्रं लपवून ठेवलीत, कत्तलीची तयारी चालू आहे. कत्तल एप्रिलमध्ये सुरू झाली आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने काय केलं तर असलेलं अडीच हजारांचं सैन्य २७० वर आणायचा ठराव केला! वाढवायचं सोडून. अमेरिकेचे अधिकारी तर तेव्हा नरसंहार हा शब्दच तोंडातून काढत नव्हते, कारण तो उच्चारला की १९४८ च्या नरसंहारविरोधी करारामुळे काहीतरी करा म्हणून लोक मागे लागणार. शब्दाला घाबरायचं, मग कळून काय उपयोग.

आणि जाळं फक्त बातम्यांचं नसतं. रवांडाची निर्यात म्हणजे मुख्यतः कॉफी, १९८९ ला जागतिक कॉफी करारातली कोटा पद्धत मोडली आणि भाव कोसळले, शेतकरी कंगाल झाला. त्यामुळेच कत्तल झाली असं कोणी म्हणू नये, ती लोकांनी ठरवून केली, पण बेकार पोरं आयती मिळाली ना.

आता माझी आठवण. १९७१ ला मी आठवीत होते. पूर्व पाकिस्तानातून १ कोटी माणसं आपल्याकडे आली. ढाक्यातल्या अमेरिकन वकिलातीतून आर्चर ब्लडने एप्रिलमध्येच स्वतःच्या सरकारला खडसावून तार पाठवली होती, निक्सनसाहेबांनी त्याचीच बदली केली. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसनने कार्यक्रम केला, तो सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्या घरी जगाची मदत म्हणजे काय होतं सांगू? नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर ५ पैशांचं जास्तीचं तिकीट, शरणार्थींसाठी. सुरुवातीला तर कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच शिक्का मारून चालवलं. आजी पुण्याला मामाला दर आठवड्याला पत्र टाकायची, ती पंधरा दिवसांवर आली. बोलायची काही नाही पण ५ पैसे म्हणजे ५ पैसे.

तिरपागडा (इंदूर):
बरं हे सगळं वाचून पोटात कालवाकालव झाली की पोहे-जलेबी खायला जायचंच ना भिया. आपल्या हातात काय आहे? बॉयकॉट करा म्हणतात, कशाकशाचा करू?

दांडियाबाजार निवृत्त (वडोदरा):
तिरपागडा, तू थट्टेत बोललास पण मुद्दा तोच आहे. माझी हयात तेलक्षेत्रात गेली म्हणून जे जवळून बघितलं तेच लिहितो. सुदानच्या तेलात कॅनडाची टॅलिस्मन कंपनी होती, २५ टक्के हिस्सा. तिकडे दक्षिणेत तेलासाठी गावं उठवली जातात म्हणून चर्चवाले, विद्यार्थी, पेन्शन फंड, सगळे तिच्या मागे लागले, अमेरिकेत कोर्टकचेरी झाली, शेअर पडला. शेवटी वैतागून कंपनीने हिस्सा विकला. कोणी घेतला? आपल्या ओएनजीसी विदेशने, २००३ ला. त्याच वर्षी सुदानच्या पश्चिमेचं दारफुर पेटलं. आम्ही तेव्हा ऑफिसात पेढे खाल्ले, खोटं का बोलू, देशाला तेल मिळालं याचा आनंदच होता आणि दारफुर नकाशावर कुठे आहे ते कोणाला ठाऊक होतं! म्हणजे तिकडच्या लोकांची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली, हिस्सा इकडून तिकडे गेला, आणि विहिरीतून तेल येतच राहिलं. चिनी कंपनीचा तर त्यात आपल्यापेक्षा मोठा हिस्सा होता, आणि सुरक्षा परिषदेत सुदानला कोण सांभाळून घ्यायचं ते वेगळं सांगायला नको.

पुढे २००९ ला आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायालयाने सुदानचे राष्ट्राध्यक्ष बशीर यांच्यावर वॉरंट काढलं, २०१० ला त्यात नरसंहाराचा आरोपही आला. आणि २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये हेच बशीर दिल्लीला आफ्रिका परिषदेला येऊन गेले. आपण त्या न्यायालयाचे सदस्यच नाही, त्यामुळे कायद्याने आपलं काही चुकलं नाही. दक्षिण आफ्रिका तर सदस्य होती, तिनेही जूनमध्ये त्यांना जाऊ दिलंच.

मुलीला सांगा, व्यापार वाढला की दबाव आणायला हत्यारं वाढतात हे खरं, पण पळवाटाही तितक्याच वाढतात. आधी एक दुकान बंद केलं की माल मिळायचा नाही. आता दहा दुकानं आहेत.

वकिलीचा विद्यार्थी (ग्वाल्हेर):
काका एकदम बरोबर पण कोर्टाची बाजू एवढी काळी नाहीये. रोहिंग्यांचं बघा, २०१७ च्या ऑगस्टनंतर ७ लाखांवर लोक बांगलादेशात पळाले आणि २०१९ ला म्यानमारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात (हे काकांच्या गुन्हे न्यायालयापेक्षा वेगळं, देशादेशांतल्या खटल्यांचं) कोणी खेचलं तर गाम्बियाने. पश्चिम आफ्रिकेतला चिमुकला देश, म्यानमारशी ना सीमा ना व्यापार. त्यांचे कायदामंत्री तांबादू आधी रवांडाच्या न्यायाधिकरणात वकील होते, ते कॉक्स बझारच्या छावणीत गेले, लोकांचं ऐकलं आणि म्हणाले हे मी आधी ऐकलेलं आहे. (शब्द माझे, आशय तोच.) मावशींनी सांगितलेल्या १९४८ च्या करारात सही केलेला कुठलाही देश दुसऱ्या कुठल्याही सहीवाल्याला कोर्टात ओढू शकतो, स्वतःचं नुकसान झालेलं नसलं तरी. जानेवारी २०२० ला म्यानमारविरुद्ध अंतरिम आदेश आला. नंतर गाम्बिया फेसबुकने काढून टाकलेल्या पोस्ट मिळवायला अमेरिकेच्या कोर्टातही गेला, कारण द्वेष फेसबुकवरच पसरला होता. दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २०२३ ला इस्रायलविरुद्ध केस टाकली तीही याच वाटेने. (गाझावरून इथे भांडू नका प्लीज, मागचा धागा तसाच बंद पडला.)

पण या वाटेवर एक मोठा खड्डा आहे, कलम ९, म्हणजे वाद या कोर्टात न्यायचं कलम. सही करताना "हे कलम आम्हाला लागू नाही" असं लिहून ठेवता येतं. सुदानने २०२५ ला संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध केस केली की तुम्ही आरएसएफला (सुदानी सैन्याशी लढणारं निमलष्करी दल) शस्त्रं पुरवता, नरसंहारात सामील आहात. अमिरातीने ते नाकारलं, पण कोर्टाला खरं-खोटं तपासायची वेळच आली नाही, ५ मे ला केस काढून टाकली कारण अमिरातीने कलम ९ आधीच बाजूला ठेवलेलं. आणि आता मज्जा ऐका, भारतानेसुद्धा १९५९ ला मान्यता देताना लिहून ठेवलंय की आमच्या संमतीशिवाय आम्हाला कोर्टात नेता येणार नाही. हे स्पर्धेत बोलायचं की नाही ते परीक्षक बघून ठरवा 😅

लष्करवाली मावशी (ग्वाल्हेर):
बोलायचंच. परीक्षकांना घाबरून विषय घेतात का.

तिरपागडा (इंदूर):
सुदानवरून आठवलं, आपल्या डिंकाच्या लाडवातला डिंक तिथलाच असतो ना?

दांडियाबाजार निवृत्त (वडोदरा):
देशी बाभळीचा आणि धावड्याचा असतो की. पण अरबी डिंक म्हणतात तो बहुतेक सुदानचा, कोर्दोफान आणि दारफुरच्या पट्ट्यातला. १९९७ ला अमेरिकेने सुदानवर व्यापारबंदी घातली त्यातूनही डिंकाला सूट मिळाली होती, कारण तो नसेल तर कोल्ड्रिंक आणि गोळ्या-चॉकलेटवाल्यांचं दुकान बंद. बंदी सगळ्यावर, डिंक सोडून!

रामबागकर (इंदूर):
सगळ्यांना धन्यवाद, लेक आता खुश आहे, खेड्याचं वाक्य खोडलं तिने आणि डिंकापासून सुरुवात केलीय, कलम ९ पण घेतलं. काल तिला घेऊन मुद्दाम सियागंजला गेलो. ओळखीचा दुकानदार, दोन पोती दाखवली, म्हणाला ये देसी, ये बाहर का. मुलीने विचारलं बाहर का म्हणजे कुठला. म्हणे, बेटा दुबई का माल है, एक नंबर.

दांडियाबाजार निवृत्त (वडोदरा):
दुबईत बाभळी कधी लागल्या?

रामबागकर (इंदूर):
तेच तिने विचारलं काका. तो म्हणाला आधा किलो दूँ क्या.